पाव वळसा

धाकटी येतेय असा फोन आला आणि आमच्या बाबांच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. चहा अर्धा टाकून, काठी न घेता, भिंत धरत धरत ते माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "थोरले, डेक लावून दे. तिच्या कॅसेटी सगळे मिळून ऐकू."

मी भाजी निवडत होते. जुडी हातात तशीच राहिली. बहीण येणार याचा आनंद मला झाला होता, उगाच खोटं कशाला बोलू. पण तो आनंद नीट घशाखाली उतरायच्या आत हे वाक्य कानावर पडलं आणि त्याची जळजळ झाली.

कारण त्या डेकला हात लावायची मला उभ्या जन्मात परवानगी नव्हती. पुढून कॅसेट घालायचा, चांदीच्या रंगाचा, दोन माणसांनी उचलावा असा जड डेक. गाणं लागलं की त्याच्या तोंडावर हिरव्या उजेडात दोन काटे नाचायचे. बाबा टेलिफोन खात्यात होते, तारा आणि स्क्रू हीच त्यांची हौस. घरातली बाकी कुठलीही वस्तू मी उघडली तरी ते काही बोलत नसत. घड्याळ उघडलं, इस्त्री उघडली, शेजारणीचा मिक्सर उघडून परत फिरता केला. जोडून झालं की बाबा भिंग घेऊन यायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "स्क्रू घट्ट बसला नाही." झाली शाबासकी. स्क्रू घट्ट असायचा हो. पुढे तर मी जास्तच घट्ट पिळायला लागले, एकदा इस्त्रीची मूठच तडकली. तरी वाक्य तेच.

डेकच्या बाबतीत मात्र वाक्य वेगळं होतं. "ह्याला हात लावायचा नाही."

आता मी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनची मेकॅनिक आहे. लांबच लांब ओळीत मशीनं, त्यांवर वाकलेल्या बाया, आणि कुणाची सुई अडकली, कुणाचा टाका सुटायला लागला की हाक मलाच येते. मिस्त्रीणबाई म्हणतात मला. नवीन मशीनं आली की मालक आधी मला दाखवतो. म्हणजे बाहेर माझ्या हाताला किंमत आहे. घरात काय, पिकतं तिथे विकत नाही.

आणि धाकटी? तिला बल्ब बदलायचा असला तरी ती शेजाऱ्यांना बोलवायची. हुशार होती, शिकली, शिकवण्याची नोकरी धरून पार समुद्रापलीकडे गेली. तेव्हा फोन महाग होते. म्हणून ती कॅसेटीवर बोलून पोस्टानं पाठवायची. कॅसेट आली की बाबा डेकसमोर खुर्ची ओढून डोळे मिटून बसायचे. मग काही दिवसांनी खोलीचं दार लावून घ्यायचे आणि त्याच डेकवर तिला उत्तर बोलायचे. कॅसेटीची अख्खी बाजू. माझ्याशी दिवसाकाठी मोजून चार शब्द बोलणारा माणूस बंद दाराआड तासभर बोलत असायचा, आणि मी बाहेर त्यांचा सदरा इस्त्री करत असायचे. दाराला कान लावायचा मोह व्हायचा. लावलाही. नुसती गुणगुण ऐकू यायची.

म्हणून मला पोटदुखी आहे, आणि ती जुनी आहे. आई गेल्यावर बाबांना मी माझ्याकडे आणलं. त्यांची औषधं, त्यांचं पथ्य, त्यांचं कानाचं यंत्र, त्या यंत्राच्या बारक्या बॅटऱ्या, सगळं मी बघते. धाकटी आठवड्याला फोन करते आणि बाबा दिवसभर तिच्या फोनचं सांगत राहतात. दुरून डोंगर साजरे. जवळच्या डोंगरावर रोज चढायचं म्हणजे दमच लागतो, तो कसला साजरा दिसणार.

तर आता त्यांचे हात थरथरतात म्हणून डेक माझ्या वाट्याला आला. आणि तोही कुणासाठी, तर धाकटीसाठी.

मी तो माळ्यावरून उतरवला, जेवायच्या टेबलावर जुनी चादर घातली आणि वरचं झाकण काढलं. नवरा शाळेची बस चालवतो, दुपारी घरी असतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "सवत आणलीस का घरात?"

"तुमची नाही, माझी," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. तो बिचारा जेवायला कुठे बसायचं एवढंच बघत होता.

बाबा स्टुलावर येऊन बसले, काठीवर हनुवटी टेकून. उंटावरून शेळ्या हाकायला.

डेकला वीज लावली की काटे उजळत होते, मोटर घुमत होती, पण फीत जागची हलत नव्हती. रोग उघड होता. मोटरपासून चाकापर्यंत जाणारा रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून डांबर झाला होता. ते डांबर चाकाच्या खाचेत बसलं होतं, मोटरच्या दांडीला चिकटलं होतं. कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून मी एकेक खाच पुसली. हात काळे झाले, मग दाराची मूठ काळी झाली, मग फ्रीज, मग माझा गाल. नवऱ्यानं सगळे डाग एकेक करून मला दाखवले.

जुना पट्टाच उरला नाही तर त्याचं माप कसं घ्यायचं? मी कारखान्यातला दोरा काढला, चाकांभोवती गुंडाळला, गाठ मारली आणि त्याहून थोडा आखूड पट्टा सुट्या भागांच्या दुकानातून आणला. दुकानदाराला दोऱ्याची गाठ दाखवली तेव्हा तो हसला, पण पट्टा बरोबर बसला. फितीला दाबून धरणारं रबरी चाक गुळगुळीत, कडक झालं होतं, ते बारीक पॉलिश कागदानं हलकं घासलं. सरकणाऱ्या पट्ट्यांवरचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते खरवडून काढलं. मोटरला तेल एक थेंब. मशीनवाले चुकतात ते तिथेच, प्रेमापोटी तेल जास्त घालतात.

"हळू," बाबा म्हणाले.

"हळूच आहे."

"त्या निळ्या कॅसेटीत तिनं पहिल्यांदा बर्फ बघितल्याचं सांगितलंय. ती आधी लाव."

"आधी चालू तर होऊ दे बाबा."

"तिला किती थंडी वाजायची तिथे," ते म्हणाले. माझा हात स्पिरिटनं गार पडला होता. त्याचं कुणाला काय.

खरं सांगायचं तर ते काम मला आवडत होतं. राग होता, पण हात रमले होते. आतली रचना इतकी देखणी होती की बटण दाबल्यावर कुठला दांडा कुठल्या दांड्याला ढकलतो ते बघत मी कितीदा तरी नुसती बटणं दाबली. हे सगळं मला वेळेवर बघायला मिळालं असतं तर, असं मनात येत राहिलं. विशीतल्या पोरीला हे उघडून दाखवायला बापाचं काय जात होतं?

एका दुपारी फीत फिरली. बाबा जेवून आडवे झाले होते, कानातलं यंत्र काढून. मी माझी एक कॅसेट घातली. तरुणपणी विकत घेतलेली, गाण्यांची. गाणं लागलं, पण गोधडीखालून कुणी गातंय असं. मी कॅसेट काढली, हेड पुन्हा पुसलं. हेड म्हणजे फितीवरचा आवाज उचलणारा तो चकचकीत लहानसा ठोकळा. पुन्हा लावली. पुन्हा गोधडी. दुसरी कॅसेट, तिसरी, तेच. मग मी धाकटीची निळी कॅसेट घातली.

लख्ख आवाज आला. तिचा एकेक स, एकेक श सुईच्या टोकासारखा. तिच्या हातातली बांगडी टेबलाला लागली तेही कळलं.

मी भिंग घेतलं. बाबांचंच भिंग. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू. एक नुसता धरून ठेवणारा. दुसऱ्याखाली स्प्रिंग, तो फिरवला की हेड एका अंगाला कलतं. फितीसमोर हेड अगदी सरळ उभं असलं तरच आवाज पूर्ण येतो. ते कलतं असलं, तर तशाच कलत्या हेडवर भरलेली कॅसेट तेवढी स्पष्ट ऐकू येते आणि बाकी सगळ्या दबून जातात. शिलाई मशीनची सुई आणि खालचा हूक यांचं असंच असतं. दोघं सारखेच चुकलेले असले तर टाका पडतो.

आमच्या डेकचं हेड कलतं होतं. धाकटीच्या कॅसेटींना जुळेल एवढंच. आणि तो स्क्रू पुढे हलू नये म्हणून त्याच्या माथ्यावर लाल ठिपका दिला होता, नेलपॉलिशचा. ते नेलपॉलिश माझं होतं.

तो रंग मी विसरणं शक्य नाही. पहिल्या पगारातून घेतलेली बाटली. धाकटी परदेशी गेल्यावर ती सापडेना. तिनंच सामानात घालून नेली असं मी धरून चालले, आईपाशी तणतणले, पत्रातून तिला टोमणाही मारला. बाबा तिथेच पेपर वाचत बसलेले. मूग गिळून.

आणि मग बाकीचंही आठवलं. माझ्या कॅसेटी बाबाच डेकवर लावून द्यायचे, आणि त्याच सुमारास माझी गाणी दबायला लागली होती. मी बाबांना विचारलं होतं, की डेकला काय झालं. ते म्हणाले, "डेकला काय धाड भरलीय? तुझ्या कॅसेटी हलक्या असतात." मी खरं मानलं. पुढे कॅसेटी घेणंच सोडलं, घरात गाणी ऐकणं सोडलं. आणि इथे सगळं यंत्र धाकटीकडे मान कलती करून बसलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रडू आलं नाही, त्यापेक्षा वाईट काहीतरी आलं. मी बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, लाल ठिपका खरवडला, माझी गाण्याची कॅसेट लावली आणि स्क्रू फिरवायला लागले. केसभर, आणखी केसभर. पाव वळसा झाला आणि गोधडी उडाली. मागच्या वाद्यांतली बारीक झांज टेबलावर उतरल्यासारखी स्पष्ट झाली. एवढ्या वर्षांनी मी ते गाणं पुरतं ऐकलं.

मग निळी कॅसेट लावली. धाकटी आता उशीत तोंड खुपसून बोलत होती. बर्फ की काय ते कळेना.

"छान," मी म्हटलं.

मी काही मोडलं नव्हतं. उलट वाकडं होतं ते सरळ केलं होतं. दुनियेतल्या कुठल्याही मेकॅनिकनं हेच केलं असतं, आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर मी हेच सांगणार होते. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एका पोरीकडून लाल नेलपॉलिश मागून आणलं. ती डोळे मोठे करून म्हणाली, "मिस्त्रीणबाई, आता ह्या वयात?" मी म्हटलं, "बहीण येतेय." स्क्रूवर तसाच लाल ठिपका दिला. म्हातारा भिंग लावून बघेल, लाल दिसला की गप बसेल.

तसंच झालं. बाबांनी भिंगातून सगळं बघितलं, नवा पट्टा, पुसलेली चाकं. ठिपकाही बघितला. म्हणाले, "झाकणाचे स्क्रू घट्ट बसले नाहीत."

धाकटी आली. केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर चष्मा, पण हसली की तीच. माझ्या गळ्यात पडली आणि माझे हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, काय हे हात. मी क्रीम आणलंय तुझ्यासाठी." प्रेमानं म्हणाली, मला माहीत आहे. तरी नाकाला मिरच्या झोंबल्या. तिचे हात मऊ होते. स्पिरिटमध्ये न बुडलेले.

बाबा तर काय, नवा सदरा घालून बसले होते. एरवी दाढीसाठी मला विनवण्या कराव्या लागतात, त्या दिवशी सकाळीच माझ्या नवऱ्याकडून करून घेतली होती. "बस, बस," ते धाकटीला म्हणाले, "आधी ऐक. थोरले, निळी लाव."

मी निळी लावली. काटे नाचायला लागले आणि गोधडीखालून तरुण धाकटी बोलायला लागली.

मी बाबांकडे बघत बसले. ह्या क्षणासाठीच तर मी सगळं केलं होतं. आता कपाळाला आठी पडेल, आता ते म्हणतील हे काय झालं. ते डोळे मिटून मान डोलवत होते. चेहरा सुखानं भरलेला.

"किती स्पष्ट," ते म्हणाले. "कालच बोलल्यासारखं."

म्हाताऱ्या कानातून बारीक आवाज आधी जातात. हे मला माहीत होतं, त्यांना कानाच्या डॉक्टरकडे मीच नेते. त्यांना गोधडी आणि लख्ख यात फरक राहिलाच नव्हता. मी एवढं कारस्थान केलं आणि ते ज्याच्यासाठी केलं त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

पोचलं ते धाकटीला. तिनं चष्मा काढला. "माझा आवाज असा होता?" ती हळूच मला म्हणाली. "की कॅसेटच खराब झाली ग?"

"जुन्या झाल्या," मी म्हटलं. तिचं तोंड उतरलं. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, मग तेही गेलं.

निळी संपायच्या आतच ती उठली आणि बॅगेतून एक डबा घेऊन आली. आत कॅसेटी, प्रत्येकीच्या पाठीवर बाबांचं सुबक अक्षर. बाबांची उत्तरं.

"माझं मशीन कधीच मोडलं," ती म्हणाली. "कितीतरी वर्षांत ऐकल्या नाहीत. टाकवल्याही नाहीत. म्हटलं ताईकडे डेक लागतोय, घेऊन जाऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तशा त्या तुझ्याच आहेत म्हणा."

"माझ्या कशा?"

"का, तुला माहीत नाही?" ती हसली, पण ते हसू काही धड नव्हतं. "माझी तब्येत कशी, जेवतेस ना, ह्याला दोन वाक्यं. मग थोरलीनं हे केलं, थोरलीनं ते केलं, बाजू संपेपर्यंत. मी तिथे एकटी, रडवेली, बापाचा आवाज ऐकायला बसायची आणि ऐकायची काय, तर तू कुणाचा मिक्सर दुरुस्त केलास. एकदा तर चिडून कॅसेट भिंतीवर मारली होती. ही बघ, कोपरा उडालाय."

मी तिच्या हातातून कोपरा उडालेली कॅसेट घेतली आणि डेकमध्ये घातली. 

बाबांचा आवाज लागला. म्हणजे लागला असं म्हणायचं. बंद दाराआडून यायची तशीच गुणगुण. तिच्यातून एकच शब्द अधूनमधून वर यायचा. थोरली. पुन्हा गुणगुण. पुन्हा थोरली.

"कोण बोलतंय हे?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा," धाकटी त्यांच्या कानाशी ओरडली. मग मला म्हणाली, "ही पण खराब झाली बघ. गेलं सगळं."

काही गेलं नव्हतं. ते सगळं फितीवर शाबूत होतं. ह्याच डेकवर, ह्याच कलत्या हेडनं भरलेलं. हेड तसंच कलतं केल्याशिवाय ते ऐकू येणार नव्हतं, आणि ते मीच सरळ करून ठेवलं होतं, वर शहाणपणानं ठिपका देऊन. पहिल्यांदा बाबांनी दार लावलं होतं. ह्या वेळी मीच लावलं होतं.

गप बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. जुन्या झाल्या, एवढं म्हटलं की विषय संपला असता. पण बाबांनी माझ्याबद्दल अख्खी बाजू काय बोलावं? नावं ठेवली असतील? ठेवली असली तरी मला ऐकायची होती.

मी उठले आणि बारका स्क्रूड्रायव्हर आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन आले. कॅसेटचं दार उघडलं, त्याचा काचेचा तुकडा वर सरकवून काढला, कॅसेट तशीच फिरती ठेवली आणि कुठेही न शोधता थेट त्या स्क्रूवर टोक टेकवलं. लाल ठिपका खरवडला.

बाबा बघत होते. डोळे अजून पक्के आहेत त्यांचे.

"तो सरळ केलास होय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"तुम्ही झोपला होतात."

धाकटी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. "काय सरळ केलं? काय बोलताय तुम्ही?"

"तिचं मशीन स्वस्तातलं होतं," बाबा मला म्हणाले, जणू आम्ही दोघंच खोलीत होतो. "हेड वाकडं. माझं सरळ ठेवलं तर तिचं मला कळेना आणि माझं तिला कळेना. आणि ही काय स्क्रूड्रायव्हर धरणारी आहे? मग काय करतो? माझंच वाकडं केलं."

"माझी गाणी गेली त्यात," मी म्हटलं.

ते म्हणाले, "हो. गेली."

मी स्क्रू उलटा फिरवायला लागले. केसभर, आणखी केसभर. गुणगुणीला हळूहळू धार आली. पाव वळसा झाला आणि बाबा बोलले. खोकल्याशिवाय, धापेशिवाय, टेलिफोन खात्यातून घरी आलेले चांगले पन्नाशीचे बाबा.

"...आठवडाभर खपत होतो मी त्या घड्याळापाशी. थोरली कामावरून आली, उभ्यानंच बघितलं आणि चहा निवायच्या आत चालू केलं. मला म्हणायचं होतं, वा. तोंडातून आलं, स्क्रू घट्ट बसला नाही. दर वेळी तेच येतं. धाकटे, तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. मला पोरीचा हेवा वाटतो. हात तिचा आहे. माझी नुसती हौस. ह्या डेकला मी तिला हात लावू देत नाही ना, ते त्यामुळेच. ती एकदा उघडेल आणि तो तिचा होईल. मग माझ्याकडे काय राहिलं सांग. परवा तिच्या आईनं विचारलं..."

धाकटीनं डोळे पुसले. रागानं पुसले की कशानं, तिचं तिला माहीत. मी स्क्रूड्रायव्हर तसाच धरून उभी होते. आयुष्यभर मी जिचा मत्सर केला ती समोर बसली होती, आणि ती माझा करत होती. आणि ज्याच्यावरून केला तोही माझाच करत होता. सगळ्या घरानं जळायचं कशावरून, तर माझ्या ह्या काळ्या हातांवरून. हे मला कुणी विशीत सांगितलं असतं तर मी किती माजले असते. आणि किती सुखात राहिले असते.

"काय म्हणतोय तो?" बाबांनी विचारलं. त्यांना आवाज कळत होता, शब्द नाही.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "म्हणतोय, थोरलीला डेकला हात लावू द्यायचा नाही."

त्यांनी थरथरत्या हातानं डेकची कड चाचपली. "बरोबर बोलत होता," ते म्हणाले. "आता तो तुझा झाला."

धाकटीनं नेलपॉलिशची बाटली उचलली. "दे, एवढा ठिपका तरी मी लावते."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. शब्द बाबांचे, सूरही त्यांचाच. बाटली तिच्या हातातून घेतली आणि स्क्रूच्या माथ्यावर ठिपका दिला, होता तसा. माझ्या गाण्यांना गोधडी परत मिळाली.

बाबांनी भिंग मागितलं. वाकून, श्वास रोखून बराच वेळ बघितलं. धाकटी आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं ते वाक्य समोरासमोर कधी ऐकलं नव्हतं, ती ते नुसतं कॅसेटीत ऐकत आली होती.

"स्क्रू घट्ट बसला नाही," बाबा म्हणाले.

मी धाकटीकडे पाहिलं. तिच्या मऊ हातांची बोटं एकमेकांत अडकली होती.

"मला नाही कधी असं म्हणाले," ती म्हणाली.